शेजाऱ्यांनी केलेली यादी

प्रिय सुधीर,

स. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. ‘इंग्लंडचा शेतकरी गिरण्यांनी गिळला’ असं तू ठणकावून लिहिलंयस, म्हणून हे लांबलचक उत्तर. शाळेत आपण तेच घोकलं: यंत्रं आली, गावं ओस पडली, शेतकरी मजूर झाला. पण हल्ली मी रात्री जेवणं उरकली की तिकडच्या मेलेल्या माणसांची भांडीकुंडी मोजत बसतो (बायको म्हणते, हे कसलं वेड!), आणि त्यावरून सांगतो, हे प्रकरण गिरण्यांच्या कितीतरी आधीचं आहे.

तिकडे माणूस गेला की त्याचं मृत्युपत्र शाबीत करून घ्यावं लागे. १८५८ पर्यंत हे काम चर्चच्या न्यायालयांकडे होतं. १५२९च्या कायद्यानं मयताच्या जंगम मालमत्तेची यादीही सक्तीची केली. ती करायची कुणी? गावातल्याच दोन-चार जाणत्या शेजाऱ्यांनी. ते घरभर खोलीमागून खोली फिरत. बटव्यातले पैसे नि अंगावरचे कपडे आधी, मग बिछाने, पितळेची भांडी, गायी, कोठारातलं धान्य, शेतात उभं पीक, लोकांकडून येणं. प्रत्येकापुढे किंमत. जमीन मात्र धरायची नाही. आणि अगदी वर मयताचं नाव, गाव, धंदा.

हा वरचा धंदाच खरा ऐवज. केंब्रिजचे इतिहासकार ली शॉ-टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा लाखो नोंदी मांडून हिशेब काढलाय. १६०० साली शेतीवर असलेले पुरुष ६४ टक्के. १७४० येईतो ४२. वस्तू बनवणारे त्याच काळात २८ वरून ४२ टक्क्यांवर. आर्कराइट नावाच्या कारखानदाराची क्रॉमफर्डची सूतगिरणी, तिकडच्या पहिल्या गिरण्यांपैकी एक, १७७१ची. म्हणजे गिरणीचा भोंगा वाजायच्या आधीच निम्मं काम झालेलं होतं, आणि तेही बरंचसं खेड्यात.

खेड्यात म्हणजे कसं, तर बर्मिंगहॅमच्या पश्चिमेकडच्या गावांतले खिळे ठोकणारे घे. व्यापारी लोखंडाच्या सळ्या वजन करून देई. घरामागच्या छपरात भट्टी, बायकापोरांसकट सगळे ठोकायला, आणि तयार खिळे पुन्हा वजन करून व्यापाऱ्याला परत. नफा त्याचा, धूर यांचा. ग्लॉस्टरशरमध्ये लोकरीचे विणकर, लेस्टरशरमध्ये मोजे विणणारे. मोज्यांचा माग १५८९ साली विल्यम ली यानं काढला. पुढे तो इतका महाग की पुष्कळजण भाड्यानं घेत. आणि भाड्याचा माग मयताच्या यादीत कसा यावा? म्हणून या कागदांवर डोळे मिटून विश्वास टाकता येत नाही.

त्याहून मोठी खोट म्हणजे गरिबांची. ज्याच्याकडे पाच पौंडांचाही ऐवज नाही त्याची यादी सहसा होतच नसे. शेतमजूर जवळजवळ गायब, खातेदार शेतकरी मात्र भरपूर. मग संशोधक बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांशी ताळा जुळवतात. १८१३पासून त्यात बापाचा धंदा लिहिणं सक्तीचं झालं. कुणबी म्हणावं अशा माणसाच्या घरी चरखा निघाला तर पूर्वी म्हणत, हा शेती सांभाळून सूतही काततो. अरे, तो कशाला काततोय! चरखा त्याच्या बायकोचा. पण लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्रच करता येत नव्हतं, १८८२च्या कायद्यापर्यंत. वारली तरी तिची यादी नाही, धंदा नाही. हा ‘पुरुषांच्या धंद्यांचा’ इतिहास आहे तो एवढ्याचसाठी, आणि मला तो अर्धाच वाटतो.

एक गोष्ट तुला खास आवडेल. नॉरफोक परगण्यात १७०० च्या सुमारास निम्म्याहून जास्त पुरुष कारागिरीत होते, मुख्यतः लोकरी कापडाच्या. पुढच्या शतकात तो धंदा यॉर्कशरकडे सरकला आणि नॉरफोकमध्ये शेतीवरच्यांचं प्रमाण पुन्हा वाढलं. ऐन औद्योगिक क्रांतीत! तुझ्या वाक्यात हे कुठे बसवशील?

गिरण्यांनी कुणाला गिळलं नाही असं मी म्हणत नाही. हातमागवाल्यांना गिळलंच. पण त्यांतले बरेचसे शेतकरी नव्हते, आधीपासूनच कारागीर होते.

तुझा मोडीचा वर्ग कुठवर आला? पेशवे दप्तरात जप्तीच्या वेळी घरातल्या चीजवस्तूंच्या केलेल्या याद्या वाचायला मिळाल्या तर धंद्याची नोंद असते का, ते बघून कळव. वहिनींना नमस्कार, चिमणीला आशीर्वाद. आणि उत्तर लगेच पाठव, मागच्यासारखे चार महिने लावू नकोस.

तुझा,
विनायक