गृहमंत्री साहेब, खुलासा व्हॉईस नोटवर पाठवा ना

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

साहेब, नमस्कार.

"मुलं पळवणारी टोळी आलीय" वाला मेसेज परत सुरू झालाय. अधूनमधून येतोच तो, फक्त तालुक्याचं नाव बदलतं. यावेळी सोबत व्हॉईस नोट आहे, एक बाई रडवेल्या आवाजात सांगतेय की पोरांना अंगणात सोडू नका गं, शेजारच्या गावात परवाच दोघांना उचललं. कुठलं गाव, कुठला परवा, काही पत्ता नाही. पण आवाज असा की आपलीच कुणी मावशी बोलतेय.

आणि तुमच्या खात्याचा खुलासा? "सर्व नागरिकांना सूचित करण्यात येते की समाजमाध्यमांवर प्रसारित होत असलेल्या..." इथपर्यंत वाचून माणूस पुढच्या रीलवर गेलेला असतो. तेही लेटरहेडचा फोटो काढून एक्सवर टाकलेलं. व्हॉईस नोट दहा घरी पाठवणारी आजी एक्सवर आहे का साहेब?

१ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यात राईनपाड्याला काय झालं ते तुमच्या खात्याला मी सांगायला नको. बाजाराचा दिवस, मंगळवेढ्याकडून आलेले डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून पोट भरणारे. मुलं पळवणारे म्हणून धरले आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारले, पाचही गेले. ग्रामपंचायतीत हो! त्या काळात देशभर जो व्हिडिओ फिरत होता, बाईकवरून पोरगं उचलून नेणारा, तो कराचीतला जनजागृतीचा व्हिडिओ होता, त्यात शेवटी पोराला परत आणून सोडतात आणि बोर्ड दाखवतात. तो शेवटच कुणीतरी कापला आणि बाकीचा सोडून दिला.

मग व्हॉट्सअ‍ॅपने फॉरवर्ड पाच चॅटवर आणलं, सगळे म्हणाले चला सुटलं. कुठलं काय. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावाच्या मारहाणीत गेले, तिथे लॉकडाऊनमध्ये चोर आल्याच्या अफवा चालल्याच होत्या. २०२२ ला जत तालुक्यात उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना मुलं चोरणारे समजून मारलं, नशिबाने ते वाचले. म्हणजे बटण पाचवर आणा नाहीतर एकावर, जाऊबाईने सांगितलं म्हटल्यावर कोण तपासत बसतं, आणि खरं असलं तर, या भीतीने पाठवणारी बाई वाईट नसते हो, ती काळजीनेच पाठवते. म्हणून नुसतं "गुन्हा दाखल करू" म्हणून भागणार नाही. क्लिप कापणाऱ्यावर जरूर करा.

सुप्रीम कोर्टाने जुलै २०१८ मध्येच सांगितलंय की प्रत्येक जिल्ह्यात जमावाची मारहाण रोखायला एसपी दर्जाच्या खाली नसलेला नोडल अधिकारी नेमा. आमच्या जिल्ह्यातला कोण, हे एसटी स्टँडवर दहा जणांना विचारा, एकाने जरी नाव सांगितलं तरी मी हे पत्र मागे घेतो.

मागणी साधी आहे. अफवा सुरू झाली की त्याच दिवशी तीस सेकंदांची व्हॉईस नोट सोडा, खान्देशात अहिराणीत, पाड्यांवर पावरीत किंवा भिलीत. बोलणारा ओळखीचा पाहिजे, पोलीस पाटील, आशाताई, शाळेतले गुरुजी. "मी अमुक, ठाण्यात विचारून आलो, असं काही झालेलं नाही." बस. बाहेरचा माणूस भोंगा देऊन पाठवू नका, २०१८ मध्येच त्रिपुरात अफवांविरुद्ध गावोगाव सांगत फिरायला सरकारने नेमलेल्या माणसालाच लोकांनी मारून टाकलं होतं.

आणि हे अफवा आल्यावर जमवायला घेतलं तर उशीर होतो. नंबरांची यादी, कोण बोलणार, कुठल्या बोलीत, हे आधीच ठाण्यात तयार पाहिजे, बाजाराच्या दिवशी ऐकवायची सोय पण. याला बजेट किती लागेल तुम्हीच सांगा, होर्डिंगपेक्षा तर नक्कीच कमी लागेल.

उत्तर लेटरहेडवर नको, व्हॉईस नोट चालेल.

आपला,
एक मतदार