सुद्या, मास्तरांना फोन कर

फोंडा,
चवथीनंतरचा दुसरा रविवार

प्रिय सुद्या,

सात महिने पत्र नाही, फोन नाही. हव्या तेवढ्या शिव्या घाल आणि मग पुढे वाच. आमच्याकडे सगळं ठीक. गुडघा होता तसाच, आईचं बीपी आवाक्यात.

लिहायचं कारण आपले पखवाजाचे मास्तर. वास्कोच्या सप्ताहाला यंदा ते गेले नाहीत. चवथीला माटोळी (गणपतीवरचं फळाफुलांचं छत) पोरांनी बांधली, मास्तर सोप्यावर बसून राहिले. पखवाजाला कणीक लावून समोर ठेवला तर म्हणाले, "तूंच वाजय." हे वाक्य किती गंभीर आहे ते दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही. तुझ्या हातून पखवाजाची कातडी पुडी फाटली (हो, तुझ्याच, आता तरी कबूल कर) त्या दिवशीसुद्धा त्यांनी पखवाज दुसऱ्याच्या हाती दिला नव्हता.

घरात सगळ्यांचं एकच, वय झालं. ७८ हे वय आहे, निदान नव्हे. मला हे डिप्रेशन वाटतं. "मन उदास आहे" असं ह्या वयाची माणसं सहसा म्हणतच नाहीत. तोंडाला चव नाही, पाठ दुखते, पहाटे तीनला जाग येते, पेज अर्धी राहते, असलं काहीतरी सांगतात. मास्तरांचं तीन महिने हेच चाललंय आणि पाच किलो वजन गेलंय.

त्यात मास्तरांचा बाळू. बेंगळुरूत बसून रात्री दोन वाजता वाचतो आणि मला विचारतो, "बाबांचा सीआरपी ६.८ आलाय, म्हणजे मेंदूला सूज. प्रेडनिसोलोन सुरू करूया?" सीआरपी म्हणजे अंगातल्या दाहाचा रक्तातला आकडा, प्रेडनिसोलोन म्हणजे स्टिरॉइड. पोरगा हुशार, पण दोन वेगळी दुखणी त्याने एका नावाखाली कोंबली. खरी मेंदूची सूज, म्हणजे एन्सेफलायटिस, ताप, झटके, भ्रम घेऊन काही दिवसांत येते. साठीपुढच्या माणसांत, त्यातही पुरुषांत जास्त, एक ऑटोइम्यून प्रकार (स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटते तो) दिसतो, एलजीआय-१ नावाच्या प्रथिनाविरुद्धचा. त्यात चेहरा आणि त्याच बाजूचा हात क्षणभर आखडतो, दिवसातून कितीदा तरी. स्मरण ढासळतं आणि रक्तातलं सोडियम उतरतं. मास्तरांचं सोडियम १३१ निघालं तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला. काकीला आठवडाभर हातावर नजर ठेवायला सांगितलं. एकही झटका नाही, पखवाजाच्या जुन्या बोलांची आठवण लख्ख. मग बीपीच्या गोळीचं पाकीट बघितलं. तिच्यात हायड्रोक्लोरोथायझाइड. सोडियम उतरवणाऱ्या औषधांतलं ते अगदी नेहमीचं, आणि उतरलेलं सोडियम माणसाला आपोआप मंद करतं. ती गोळी बदलली.

बाळू वाचतो तो दुसरा प्रकार, मंद दाह. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात, त्यांना गावचे राखणदार समज. तरुणपणी चोर आला तरच दांडा आपटतात. म्हातारपणी पान हाललं तरी आपटतात आणि थांबायचं विसरतात. हिरडीतला पू, मधुमेह, पोटाची चरबी, लघवीचं जुनं इन्फेक्शन, कुठूनही आयएल-६सारखे दाहाचे निरोप्ये रक्तातून वर गेले की हे जागे. मग ज्या ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन (मनाशी जोडलेलं रसायन) व्हायचं ते कायन्युरेनिनच्या वाटेला लागतं, आणि त्या वाटेवर क्विनोलिनिक ॲसिड तयार होतं, चेतापेशींना डिवचणारं. ही नुसती कल्पना नाही. हेपॅटायटिस सीला इंटरफेरॉनची, म्हणजे दाह चेतवणारी, इंजेक्शनं देत असत तेव्हा आधी धड असलेली बरीच माणसं काही आठवड्यांत डिप्रेशनमध्ये गेली.

म्हणून सरसकट दाह उतरवायचा का? इन्फ्लिक्सिमॅब हे दाह दाबणारं औषध देऊन बघितलं, डिप्रेशनच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या ६० जणांतल्या निम्म्यांना, २०१३मध्ये छापून आलं. एकूण हिशेबात फायदा शून्य. ज्यांचा सीआरपी मुळात ५च्या वर होता त्यांच्यात मात्र सुधारणेची चिन्हं दिसली. म्हणजे काहींच्या डिप्रेशनमागे दाह असतो, सगळ्यांच्या नव्हे. आणि ६.८ हा आकडा मनाचा नाही, तो कुठूनही येईल. सर्दी-ताप नसताना दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बघायचा. १०च्या वर गेला तर आधी इन्फेक्शन शोधायचं. स्टिरॉइड तर नकोच, त्यानेच झोप उडते, मन बिघडतं, साखर चढते. ब्रुफेनही नको, मास्तर ॲस्पिरिनवर आहेत आणि मूत्रपिंडं ७८ वर्षांची. (तू हळदीचं दूध सुचवणार. रामनाथीच्या जत्रेतलं ते भांडण मला पुन्हा नको. जिभेला चांगलं, एवढ्यावर मिटव.) तुझ्या माशांच्या तेलाच्या कॅप्सूलाही राहू देत. पन्नाशीपुढच्या १८ हजारांवर माणसांतल्या निम्म्यांना पाच वर्षं देऊन पाहिल्या, डिप्रेशन टळलं नाही. बांगडा खावा तो बांगडा म्हणून.

कामाच्या गोष्टी फार साध्या आहेत. मधुमेहाची मेटफॉर्मिन पंधरा वर्षं चालू, त्याने बी-१२ उतरतं, तेव्हा ते बघितलं, कमी निघालं, इंजेक्शनं सुरू. थायरॉइड, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन ठीक. डाव्या कानात मळाचा खडा होता, तो काढला. पखवाजियाला ऐकू कमी यायला लागलं तर तो वाजवणं सोडेल नाहीतर काय! खालच्या दोन दाढा हलतात, हिरडी दाबली की पू येतो. हिरडी साखर चढवते, साखर हिरडी सडवते. दाढा काढायच्या आहेत आणि मास्तर दाद देत नाहीत, मिठाच्या गुळण्या करतो म्हणतात.

हो-नाहीचे पंधरा प्रश्न असतात, वृद्धांसाठीचे. पाच किंवा जास्त गुण आले तर डिप्रेशनसाठी पुढे तपासायचं. मास्तरांचे नऊ. मरणाचं सरळ विचारलं. विचारल्याने डोक्यात भरतं हा गैरसमज आहे. म्हणाले, "देवान व्हरचें, आनी कितें." (देवाने न्यावं, आणखी काय.) स्वतःहून काही करायचा विचार नाही. तरी कुळागरातलं (सुपारी-नारळाच्या बागेतलं) फवारणीचं सामान आणि गोळ्यांचं जादा पाकीट काकीने कुलपात घातलंय, आणि तिच्या फोनात टेली-मानसचा (सरकारी मनोमदतीचा) १४४१६.

डिप्रेशनच्या गोळीचं बांबोळीच्या इस्पितळातले मानसोपचारवाले ठरवतील. माझा अंदाज मिर्टाझापिन ७.५, रात्री. भूक आणि झोप दोन्ही आणते, सोडियमला नेहमीच्या एस्सिटालोप्रामपेक्षा कमी धक्का देते. दोन आठवड्यांनी सोडियम पुन्हा. गुण सहा आठवड्यांनी बघायचा, ह्या वयात कधी बारा लागतात. घराघरांत दहाव्या दिवशी "काय फरक नाही" म्हणून बंद करतात. शेजाऱ्याची अल्प्राझोलाम (गुंगीची गोळी) घेऊ नये एवढं काकीला बजावलंय, रात्री मोरीत पडून खुबा मोडायचा.

गोळीहून माझा भरवसा दुसऱ्या गोष्टीवर जास्त. गोव्यातच, डिप्रेशनच्या उंबरठ्यावरच्या साठीपुढच्या १८१ जणांवर अभ्यास झाला, २०१९मध्ये छापून आला. डॉक्टर नसलेले, शिकवून तयार केलेले लोक घरी जाऊन एकेक अडचण सोडवायला, झोप वेळेत बांधायला, मधुमेह सांभाळायला शिकवत. वर्षभरात असं शिकवलेल्यांतल्या ४ टक्क्यांना डिप्रेशन आलं, बाकीच्यांत १४ टक्क्यांना. मास्तरांना तसंच काहीतरी लागणार, ठरल्या वेळेचं, हाताला काम असलेलं.

मी सांगितलं तर, "तूं म्हजो शिश्य, म्हाका पिसो थारायता?" बांबोळी म्हटलं की त्यांना पिसो, म्हणजे वेडा, तेवढंच सुचतं. तुझं ऐकतील. पुडी फाडूनही लाडका तूच, हे माझं जुनं दुखणं.

चिन्मयची ॲडमिशन झाली का? फ्लॅटचा ताबा? वहिनीच्या नोकरीचं ऐकलं, छान झालं. सविस्तर नंतर.

फोन संध्याकाळी कर, साडेपाच-सहाला. सकाळी त्यांचं मन सगळ्यात जड असतं. उजव्या कानाला धरायला सांग. "उमेद धरा", "मन रमवा" असलं काही बोलू नको. "नोव्हेंबरात येतोय, धुमाळीचा ताल विसरलोय, रोज दहा मिनिटं फोनवर बोल सांगा" म्हण. (खोटं नाहीच ते.) दहाच मिनिटं, जास्त ताणू नको, दमतात. दाढांचं तिसऱ्या-चौथ्या दिवशी काढ, बांबोळीचं त्यानंतर, आणि मी सांगितलंय हे कळू देऊ नको.

तुझा,
बाबलो

ता. क. पखवाज मी घरी आणलेला नाही. कणीक खरवडून काढली, गवसणी घातली आणि सोप्यावर त्यांच्या उजव्या हाताला ठेवलाय.