बाह्य ड्राइव्हच्या त्या ओळीबद्दल आभार

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार.

माझा लिनक्स संगणक सुरू होताना अडून बसत असे, त्या वेळी आपण वेळात वेळ काढून जी मदत केलीत, तिच्याबद्दल जाहीर आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. बॅकअपची बाह्य ड्राइव्ह जोडलेली नसली, की काळ्या पडद्यावर एकेक सेकंद मोजला जाई आणि ९० सेकंद उलटताच इमर्जन्सी मोड (दुरुस्तीपुरती मर्यादित अवस्था) येऊन रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचा, पासवर्ड मागितला जाई. ड्राइव्हच बिघडली असे समजून मी नवी घेण्याच्या बेतात होते.

आपण मात्र आधी एफएसटॅब फाइलमधील, म्हणजे संगणक सुरू होताना कोणत्या ड्राइव्ह जोडायच्या त्या यादीतील, या ड्राइव्हची ओळ पाहायला मागितलीत. तिच्यातले एसडीबी-१ हे ड्राइव्हचे नाव कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्यावर ठरते, म्हणून ते बदलू शकते. यूयूआयडी हा ओळख क्रमांक मात्र ड्राइव्हवरील फाइल सिस्टिममध्येच नोंदलेला असतो आणि पुन्हा फॉरमॅट करेपर्यंत तोच राहतो, हे आपण समजावून सांगितलेत. त्या ओळीत यूयूआयडी आला, ड्राइव्ह नसली तरी अडून बसू नये असे सांगणारे ‘नोफेल’ आले आणि ड्राइव्हची वाट पाहण्याची मुदत १० सेकंदांवर आली. रीबूट करण्याआधी फाइंडएमएनटी या आदेशाने ती फाइल तपासून घेण्याची सवयही आपणच लावलीत.

तरी माझ्या मते आपले खरे उपकार पुढचे आहेत. ‘नोफेल’मुळे संगणक विनातक्रार सुरू होईल, पण ड्राइव्ह नसेल तेव्हा बॅकअप, ती एरवी ज्या फोल्डरला जोडली (माउंट केली) जाते त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे मुख्य डिस्कवरच, लिहिला जाईल, असा इशारा मी न विचारताच आपण दिलात. ड्राइव्ह त्या फोल्डरपासून सोडवून (अनमाउंट करून) पाहिले, तर ज्या दिवसांत मी एफएसटॅबमधील त्या ओळीपुढे हॅश (#) टाकून, म्हणजे ती निष्क्रिय करून, काम भागवले होते, त्या दिवसांचे बॅकअप खरोखरच तिथे दडलेले होते. ते मी ड्राइव्हवर हलवले आणि आपल्या सांगण्यानुसार रिकामे झालेले फोल्डर चॅटर आदेशाने असे बंद केले, की माउंट होण्यात अडचण नाही, पण एरवी त्यात रूटलाही लिहिता येत नाही.

काल ड्राइव्ह न जोडता मुद्दाम संगणक सुरू केला. लॉगिनचा पडदा न अडखळता आला आणि बॅकअपचा प्रोग्रॅम मुख्य डिस्कवर एकही फाइल न लिहिता त्रुटी दाखवून थांबला.

आपली कृतज्ञ,
एक लिनक्स वापरकर्ती