पोराची पत्रं डब्यात, आईची कुठे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हापासून वाचकांच्या पत्रांत जुन्या टपालाच्या आठवणी बऱ्याच येतायत. इनलँड, एरोग्राम, पोस्टमनची वाट बघणं, सगळं वाचते मी आणि आवडतंही, पण बहुतेकांचा सूर असा की पत्रं आता संपली. मला ते पटत नाही. पत्रं अजून लिहिली जातायत, आणि जी पूर्वी लिहिली गेली त्यातली एक अख्खी बाजू आपण कधी जपलीच नाही, ती म्हणजे आईची. त्याबद्दल लिहायचंय.

माझी लेक अमेरिकेत युटा राज्यात असते, सॉल्ट लेक सिटीपासून फार लांब नाही. तिच्या बाळंतपणाला मी गेले होते तेव्हा शेजारच्या बाईंशी माझी छान गट्टी जमली. त्या मॉर्मन, म्हणजे ख्रिस्ती धर्मातल्या एका पंथाच्या. त्यांच्या चर्चचं मुख्य ठिकाण सॉल्ट लेकलाच आहे त्यामुळे त्या भागात ही वस्ती जास्त. त्यांच्यात मुलगा १८ चा झाला की दोन वर्षं मिशनवर जातो, म्हणजे धर्मप्रचाराला (२०१२ च्या आधी हे वय १९ होतं), मुलीही जातात, दीड वर्षासाठी. कुठे जायचं हे मुलाने ठरवायचं नाही, सॉल्ट लेकहून बोलावणं येतं त्यात लिहिलेलं असतं तिकडे जायचं, मग ते शेजारचं राज्य असो की ब्राझील. ते बोलावणं उघडायला सगळं घर जमतं, आजी-आजोबा, मावश्या, शेजारी, आणि कुठला देश निघेल यावर आधी तास तास अंदाज चालतात. पगार वगैरे काही नाही, उलट घरच्यांनीच पैसे भरायचे, २०२० पासून महिन्याला ५०० डॉलर. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी आणि कायम बरोबर एक जोडीदार, एकट्याने कुठे जायचं नाही. अशी ७० हजारांच्या वर पोरं-पोरी आज जगभर फिरतायत. आपल्या बेंगळुरूलाही १९९३ पासून त्यांचं मिशन आहे.

आता धर्माचं जे काय आहे ते त्यांचं त्यांच्यापाशी. त्यांचं सगळं मला पटतं असं नाही, आणि दारोदार जाऊन धर्म सांगणं हा आपल्या गोव्यात किती जुना आणि किती नाजूक विषय आहे ते गोव्याच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. मी बोलतेय ते मागे घरात राहिलेल्या आईबद्दल.

ह्या बाईंचा थोरला मुलगा गेला तेव्हा नियम असा होता की घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि त्यांच्या मदर्स डेला. बाकी पत्र. आठवड्यातला एक दिवस पोरांना मोकळा मिळतो, बहुतेक ठिकाणी सोमवार, त्या दिवशी कपडे धुवायचे, बाजार करायचा, केस कापायचे आणि घरी लिहायचं. पूर्वी कागदावर, नंतर ईमेल. म्हणजे १८-१९ वर्षांचं पोर, तोपर्यंत कधी घर सोडून राहिलेलं नाही, आणि आईला त्याचा आवाज वर्षातून दोनदा. मला हे ऐकून पहिल्यांदा रागच आला होता, असले कसले नियम. पण मग त्यांनी मला ती पत्रं दाखवली.

मुलगा ब्राझीलला होता. आठवड्याला एक या हिशेबाने आलेल्या सगळ्या मेलची प्रिंट काढून त्यांनी फाईल केली होती, तारखेप्रमाणे. माझ्यासाठी त्या एकेक वाचून दाखवायच्या आणि माझी लेक मध्ये मध्ये मला समजावून सांगायची. पहिले काही महिने पोरगा फक्त जेवणाबद्दल आणि भाषा येत नाही याबद्दल लिहितो, मग हळूहळू माणसं यायला लागतात, कुठल्या आजीने घरात बोलावून कॉफी पुढे केली (त्यांना कॉफी चालत नाही, पोराची पंचाईत), कोणी दार तोंडावर लावलं, जोडीदाराशी पटत नाही पण चोवीस तास त्याच्याबरोबरच राहायचंय. डेंग्यू झाला ते त्याने बरं झाल्यावर कळवलं. ते पत्र वाचताना त्या थांबल्या आणि म्हणाल्या की त्या आठवड्याला मीही त्याला काही लिहिलं नव्हतं, नवऱ्याची नोकरी गेली होती, त्याला कशाला घोर. दोघांनी एकमेकांपासून लपवलं, एकाच आठवड्यात.

मी सहज विचारलं की मग तुम्ही त्याला काय लिहिलंत ती पत्रं बघू.

ती नव्हती. एकही नव्हतं. त्या फ्रिजवर कागद लावून आठवडाभर टिपून ठेवायच्या, धाकट्याची मॅच, कुत्र्याचं आजारपण, पहिला बर्फ कधी पडला, आणि रविवारी रात्री बसून सगळं नीट लिहून काढायच्या म्हणजे सोमवारी त्याने उघडलं की वाट बघायला नको. दोन वर्षं एक रविवार चुकवला नाही. पण त्याची प्रत त्यांनी कधी काढली नाही कारण, त्यांच्याच शब्दांत, माझ्या पत्रात काय असायचं, घरचंच सगळं. मुलाकडे पण काही राहिलं नाही. मिशनवरच्या पोरांची दर काही आठवड्यांनी बदली होते, गाव बदलतं, खोली बदलते, जोडीदार बदलतो, दोन बॅगांत सगळा संसार, कागद कुठे सांभाळणार. आणि मेल खात्याचं म्हणाल तर ते मिशन संपल्यावर त्याने पुन्हा उघडलंच नाही.

हे मला फार लागलं. त्यांच्या धर्मग्रंथात, १८३० ला छापलेल्या बुक ऑफ मॉर्मनमध्ये, दोन हजार तरुण योद्ध्यांची गोष्ट आहे आणि त्या मुलांचं बळ काय तर आयांनी शिकवलेलं, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. सॉल्ट लेकला त्यांच्या चर्चचं इतिहासाचं मोठं ग्रंथालय आहे, १८३० ते १९३० या शंभर वर्षांत मिशनवर गेलेल्यांची यादी त्यांनी केलीय, त्यांच्या डायऱ्या, पत्रं जपलीयत, कोणालाही बघता येतात. इतकं जपणाऱ्या लोकांच्या घरात ही गत. गेलेल्याचं पत्र घरी पोचतं आणि घर ते ठेवतं. घरातून गेलेलं पत्र मात्र फिरणाऱ्या माणसाच्या हातात पडतं.

गोव्यातल्या माणसाला हे नवीन वाटायला नको, आपल्याकडे याचं केवढं मोठं उदाहरण आहे. ख्रिस्ती धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्यात उतरले. त्यांनी लिहिलेली शंभरावर पत्रं आज छापील मिळतात, युरोपात पोचलेल्या पत्रांच्या तर तिकडे नकला करून वाटल्या गेल्या. त्यांना आलेल्या पत्रांतली मात्र अगदी थोडी उरलीयत. १५४६ साली आजच्या इंडोनेशियातल्या अंबोनहून त्यांनी सोबत्यांना लिहिलं की तुमच्या पत्रांतल्या तुमच्या हातच्या सह्या मी कापून घेतल्यात आणि त्या जवळ बाळगतो. म्हणजे पत्र गेलं, सही राहिली. आणि त्यांच्या संघाचे प्रमुख इग्नेशियस लोयोलांनी रोमहून त्यांना परत बोलावणारं पत्र लिहिलं जून १५५३ मध्ये, तेव्हा झेवियर जाऊन सहा महिने झाले होते, डिसेंबर १५५२ मध्येच चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर ते वारले, रोमला पत्ताच नाही.

आणि याच्या बरोब्बर उलट बघा. पणजीच्या पुराभिलेखागारात, ज्याची सुरुवात १५९५ ला झाली, पोर्तुगालच्या राजाची गव्हर्नर-व्हाइसरॉयना आलेली पत्रं आणि इथून गेलेल्या उत्तरांच्या नकला असे ‘मोन्सोंइश दु रेइनु’चे खंडच्या खंड आहेत. सरकार आपण पाठवलेल्या पत्राची नक्कल ठेवतं, शिवाय जहाज बुडालं तर म्हणून तेच पत्र दोन-तीन जहाजांतून पाठवायचे. आईला कोणी सांगितलंच नाही की तुझ्या पत्राची नक्कल ठेव.

आमच्या घरातलं सांगते. माझा थोरला भाऊ बोटीवर होता. आम्ही घरात कोंकणी बोलायचो पण पत्र मराठीत, वर श्री, मग चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद, मग इकडील सर्व क्षेम, ही आमच्या आईची पद्धत. ती मराठी चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. पत्र बोटीच्या एजंटच्या पत्त्यावर जायचं, कधी रॉटरडॅम कधी सिंगापूर, आणि बोट आधीच सुटलेली असली की पुढच्या बंदरावर. भावाची पत्रं आईने बिस्किटाच्या डब्यात ठेवलेली, ती आजही आमच्याकडे आहेत, त्यात निम्मं ‘मी बरा आहे’ आणि उरलेलं पैसे किती पाठवले. आईच्या पत्रात काय नसायचं! कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) पाणी कमी झालं, मानकुराद आंबा यंदा धरला नाही, चवथीला गणपतीवरच्या माटोळीला कोणी काय आणून दिलं, शेजारच्या कोणाची सोयरीक कुठे जुळली, वाजवायच्या घुमटाचं कातडं बदललं, वीज आली तेव्हा आजी दिव्याकडे बघत कशी बसली. मीच पेटीत टाकायला न्यायचे आणि वाटेत वाचायचे म्हणून मला ठाऊक. भाऊ बोटीवरून उतरताना बॅग हलकी करायची म्हणून ती तिथेच टाकून यायचा, सगळेच टाकायचे. आमच्या गावचा त्या सगळ्या वर्षांचा इतिहास त्या पत्रांत होता हो, आता तो कोणाला विचारायचा?

मुंबईला गेलेल्यांच्या घरात, आखातात गेलेल्यांच्या घरात, आफ्रिकेत गेलेल्यांच्या घरात हेच. मी ओळखीच्या बऱ्याच जणांना विचारलं, पोराची पत्रं डब्यात किंवा फडताळात असतात, आईची क्वचित कुठे. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ती फार जपावीत आणि शक्य तर आजच फोटो काढून ठेवावेत, आपल्या दमट हवेत शाई कशी पसरते आणि वाळवी काय करते ते सांगायला नको.

२०१९ च्या फेब्रुवारीत मॉर्मन चर्चने नियम बदलला. आता त्या मोकळ्या दिवशी दर आठवड्याला फोन, व्हिडिओ कॉल चालतो, फक्त फोन मुलाने लावायचा. धाकटा मुलगा गेला तो यानंतर, फिलिपिन्सला. मी दुसऱ्यांदा लेकीकडे गेले तेव्हा त्याचा कॉल यायची वेळ मी बघितलीय, बाई सकाळपासून केस नीट करून बसलेल्या. चेहरा दिसतो, बारीक झालाय का कळतं, डेंग्यू लपवता येत नाही. हा बदल चांगलाच झाला, मी आई आहे, मला विचाराल तर तो आधीच व्हायला हवा होता, दोन फोनांत वर्ष काढायला लावणं ही क्रूरता होती. पण धाकट्याची फाईल बारीक आहे. कॉलवर सगळं बोलून झाल्यावर मेलमध्ये दोन ओळी आणि चार फोटो. म्हणून त्यांनी आता ठरवलंय की कॉल होवो न होवो, रविवारी रात्रीचं पत्र लिहायचंच, आणि या वेळी स्वतःच्या पत्राचीही प्रिंट त्याच फाईलला लावायची. लावतात त्या, मी बघितलं. एका बाजूला त्याचं, समोर त्यांचं. आता ती फाईल वाचली की दोन माणसं बोलतायत असं कळतं, आधीच्या फाईलमध्ये एकटा पोरगाच बडबडतोय असं वाटायचं.

माझं आपल्या लोकांना हेच सांगणं आहे. तुमचं पोर बोटीवर असो, दुबईला असो, पुण्याला शिकायला असो, रोज व्हिडिओ कॉल करा, जरूर करा, पण आठवड्यातून एकदा बसून लिहा. व्हॉट्सअॅपवर लिहिलं तरी चालेल, मराठीत, कोंकणीत, जसं येईल तसं, फक्त गुड मॉर्निंगच्या फुलांपेक्षा मोठं लिहा, घरात काय झालं ते लिहा. आणि जे लिहिलं ते स्वतःकडेही ठेवा. फोन बदलला की चॅट जातं, तेव्हा वर्षातून एकदा प्रिंट काढा किंवा वहीत उतरवा. घरचंच तर आहे सगळं, असं म्हणून टाकू नका.

दुसरं, गोव्यात सध्या जुनी घरं धडाधड विकली जातायत. घर रिकामं करताना लाकूड, तांबं, चिनी मातीच्या बशा यांना गिऱ्हाईक लगेच मिळतं आणि कागद भंगारवाल्याकडे किंवा आगीत जातात. त्यात पोर्तुगीज स्टॅम्पची पाकिटं असली तर स्टॅम्प काढून घेतात आणि पत्र फेकतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पणजीच्या पुराभिलेख खात्याने आणि पाटोच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाने मिळून साध्या घरांतली पत्रं स्वीकारायची जाहीर सोय करावी, फार काही नको, तालुक्याला एक दिवस ठरवून स्कॅनर घेऊन बसावं, लोकांनी डबे आणावेत, स्कॅन करून मूळ पत्रं घरच्यांना परत द्यावीत. खाजगी काही असेल ते घरच्यांनी आधी बाजूला काढावं. राजा आणि व्हाइसरॉयची पत्रं आपण चारशे वर्षं सांभाळतोय, तर सत्तरी किंवा पेडणे तालुक्यातल्या आईची चाळीस वर्षांची सांभाळायला काय हरकत आहे.

आणि संपादक महोदय, तुमच्या रविवारच्या पुरवणीत दर आठवड्याला आईचं एक पत्र छापता आलं तर बघा, घरच्यांच्या परवानगीने, नावं गाळून. सुरुवातीला पत्रं जमवायचं काम मी आनंदाने करीन, फोंडा तालुक्यापुरतं तरी नक्की.

आपली,
एक वाचक, फोंडा