मॅडम, पेन्सिल मुलीच्या हातात दिलीत त्याबद्दल

आदरणीय मॅडम,

समोर आभार मानायला लागलं की तुम्ही ‘अहो, त्यात काय एवढं’ म्हणत चहा टाकायला उठता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

तरुण ताऱ्याभोवतीची धूळ आकारानुसार वेगळी कशी होते, हा प्रश्न घेऊन आमच्या अभ्यासिकेतली मुलं कॉलेज रोडवरच्या क्लासेसमध्ये बरीच फिरली. एका ठिकाणी ‘हे सीईटीला येत नाही’ म्हणून बोळवण झाली. दुसरीकडे तर ताऱ्याजवळ गुरुत्वाकर्षण जिंकतं आणि लांब गेलं की प्रकाश, असं ठणकावून सांगितलं. तसा रंगीत तक्ताही करून घेतला. एखादी गोष्ट न येणं समजू शकतं, दडपून सांगणं नाही.

तुम्ही किराणाच्या बिलामागे दोन्ही बलं एकाखाली एक मांडलीत. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाने घटतं, प्रकाशही त्याच हिशेबाने विरळ होतो. भागाकाराची रेघ ओढून थांबलात आणि पेन्सिल सातवीतल्या मुलीला दिलीत. वरचा आर वर्ग, खालचा आर वर्ग, दोन्हींवर काट तिनेच मारली. अंतर उडालं, त्याबरोबर तो तक्ताही. ती काट तुम्ही स्वतः मारली असती तर तासाभरात विसरली गेली असती. आता ती पोरगी दिसेल त्याला हे समजावत सुटली आहे.

उरला तो बीटा, म्हणजे प्रकाशाचा रेटा भागिले गुरुत्वाकर्षण: ताऱ्याचं तेज भागिले वस्तुमान, गुणिले कणाचं क्षेत्रफळ भागिले वस्तुमान. कणाची त्रिज्या निम्मी केली की क्षेत्रफळ पावपट होतं, वस्तुमान आठवा हिस्सा. म्हणजे बीटा दुप्पट. उफणताना दाणे पायाशी आणि भुसा लांब पडतो, त्यातही हाच हिशेब.

बीटा १ झाल्यावर कण उडेल, असं सगळ्यांना वाटत होतं. तो ०.५ लाच का सुटतो? कण जन्मतो दोन दगड आदळून फुटल्यावर, आणि दगडाचा कक्षेतला वेग घेऊनच. ताऱ्याची ओढ मात्र त्याला आता निम्मीच जाणवते. त्या ओढीला तोच वेग मुक्तिवेग ठरतो. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती दगडी कणाची त्रिज्या साधारण ०.४ मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आली की ही वेळ येते. त्याहून मोठे कण अडकून राहतात, पण त्यांची कक्षा ताणली जाते: बीटा ०.२५ असेल तर लांबचं टोक मूळ अंतराच्या दुप्पट, ०.४ असेल तर पाचपट. मिलिमीटरभर खडे जन्मले त्याच कड्यात फिरतात. म्हणून मिलिमीटर तरंगलांबीला अरुंद कडं दिसतं आणि बारीक कणांनी विखुरलेल्या प्रकाशात भोवतीचं पसरट प्रभामंडळ. बीटा पिक्टोरिस हा तारा (नावातला बीटा वेगळा) सूर्याच्या आठ-नऊ पट तेजस्वी, वस्तुमान मात्र पावणेदोन पटच. तिथे हा उंबरठा २ मायक्रॉनच्या आसपास जातो.

आणि ही निवड वायू निघून गेल्यावरची. आधीच्या वायू-धुळीच्या दाट चकतीत प्रकाश आत पोचत नाही, कणांना वायूच ओढून नेतो. त्या जुन्या तक्त्यात या दोन्ही अवस्था सुखाने शेजारी बसवल्या होत्या!

कण ०.१ मायक्रॉनहूनही बारीक झाला की काय होतं, या प्रश्नावर तुम्ही ‘बघून सांगते’ म्हणालात आणि खरोखर फोन केलात. कण तरंगलांबीपुढे फारच लहान झाला की प्रकाशाचा रेटा त्याला नीट बसत नाही, बीटा पुन्हा उतरतो. नाशिकमध्ये क्लासच्या पाट्या ढीगभर आहेत. ‘बघून सांगते’ म्हणून सांगणारी माणसं शोधावी लागतात.

नवा तक्ता झालाय. त्यात एयू मायक्रोस्कोपिआय हा तारा घेतलाय: तेज सूर्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढं, म्हणजे प्रकाशाचा रेटा अपुरा, म्हणून ताऱ्याचा वारा (ताऱ्यातून बाहेर वाहणारे भारित कण) हिशेबात धरावा लागतो. तो रकाना मुलांना जमलेला नाही. रविवारी सकाळी घेऊन येऊ का?

आपले,
गंगापूर रोडच्या अभ्यासिकेतले सगळे, नाशिक