द्रासच्या त्या हवालदारसाहेबांस

माननीय हवालदारसाहेब,
सप्रेम जय हिंद.

आपले नाव विचारायचे राहून गेले, म्हणून हे पत्र असे उघडपणे लिहीत आहे. कारगिल विजय दिनी, 26 जुलैला, द्रासच्या युद्धस्मारकात ज्या वृद्ध बाईंच्या खुर्चीशेजारी आपण बसलात, ती माझी आई. 1999 च्या त्या युद्धात आपल्या सैन्याचे 527 जण कामी आले. माझा दादा त्यांपैकी एक.

आईच्या वाट्याला आजवर सत्कार कमी आले नाहीत. आमच्याकडच्या एका कार्यक्रमात प्रमुख पाहुण्यांची वाट पाहत तिला भर उन्हात ताटकळत बसवले होते. पाहुणे आले, शाल-श्रीफळ झाले, फोटो निघाले, आणि निवेदकाने दादाच्या पलटणीचे नावसुद्धा चुकीचे वाचले. तो राग माझ्या मनातून गेलेला नाही आणि तो जावा असे मला वाटतही नाही. वीरमाता म्हणून तिच्यापुढे भाषणे करणारे पुष्कळ भेटले, पण तिलाही काही सांगायचे असेल, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही.

द्रासला सैन्याने आमची व्यवस्था चोख ठेवली होती, त्याविषयी वेगळे लिहीत नाही. दहा हजार फुटांहून उंच असलेल्या त्या जागी आईला धाप लागली, तेव्हा आपण पाणी आणून दिलेत. पाणी कोणीही दिले असते. आपण मात्र हातातली कुटुंबीयांची यादी घडी करून खिशात ठेवलीत, तिच्या खुर्चीशेजारी उकिडवे बसलात आणि विचारलेत, "माताजी, बेटा घर में कैसा था?"

आई मराठीतच बोलत राहिली. लहानपणी दादा अंधाराला फार भ्यायचा, रात्री गोठ्यात जायचे म्हटले की कंदील आणि सोबत धाकटी बहीण हवीच, हे तिने आपल्याला सांगितले. समोर तोलोलिंगचा डोंगर उभा होता. वरून शत्रूला सारा उतार दिसत असल्यामुळे आपल्या जवानांना त्या उघड्या चढणी बहुधा रात्रीच्या काळोखातच चढाव्या लागल्या, हे आईला ठाऊक आहे, आणि बहुधा म्हणूनच ही आठवण तिने इतकी वर्षे कोणत्याही व्यासपीठावर काढली नव्हती. हुतात्म्याच्या आईने असे सांगायचे नसते, असा तिचा समज झाला असावा. आपल्याला त्यातले किती कळले कोण जाणे, पण आपण तिला मध्येच तोडले नाही, घड्याळाकडे पाहिले नाही, आणि "मैं भी डरता था, माताजी" एवढेच म्हणालात. त्यावर आई हसली. दादाविषयी बोलताना तिला हसलेले मी फार वर्षांनी पाहिले.

समोरच्याला पुरते बोलू द्यावे, एवढ्या साध्या सौजन्याला ना निधी लागतो, ना शासन निर्णय. तरी ते इतके दुर्मीळ का व्हावे, हे मला उमगत नाही. आपल्यासारखी माणसे गणवेशात आणि गणवेशाबाहेरही असतात, म्हणून आमच्यासारख्यांचे चालते.

पुष्पचक्र वाहण्यासाठी आमचे नाव पुकारले गेले आणि आईचे बोलणे अर्धेच राहिले. कोणालाही न सांगता दादा भरतीला कसा गेला, ते तिला आपल्याला सांगायचे आहे. सुट्टीवर जाता-येता महाराष्ट्रात येणे झाले, तर घरी अवश्य यावे. आपल्या मातोश्रींना आईचा नमस्कार कळवावा.

आपली कृतज्ञ,
एका जवानाची धाकटी बहीण