विषय: बॅगेचं लॉक बिघडलंय, आणि माझ्या आईला विसराळू म्हणालात त्याबद्दल

तुमच्या कस्टमर केअरला आज सहावा फोन झाला, आता सातवा करणार नाही, म्हणून थेट मॅनेजमेंटला लिहितोय. तुमची मोठी ट्रॉली बॅग, तीन आकडी नंबर लॉकची, जळगावच्या दुकानातून 7,499 रुपयांना घेतली. लॉक कसं चालतं ते मी सांगायची गरज नाही, तुम्हीच बनवलंय. कडेची दोन चाकं फिरवली की टिक टिक लागते, मधलं चाक मात्र सैल होऊन नुसतं गरगर फिरतंय आणि बॅग गेल्या आठवड्यातल्या मंगळवारपासून बंद आहे. शनिवारी पहाटे आईचं मुंबईहून दुबईचं विमान, म्हणजे शुक्रवारी आम्हाला पाचोऱ्याहून गाडीत बसायचंय.

आई आयुष्यात पहिल्यांदा देशाबाहेर चाललीये, माझ्या लहान भावाकडं, नातवाला बघायला. सात महिने घरात हीच तयारी चालू आहे. आधारवर नावापुढं 'बाई' आणि शाळेच्या दाखल्यावर नाही, ते नीट करण्यातच दोन महिने गेले, मग जळगावला पोस्टातल्या पासपोर्ट केंद्राच्या चकरा, मग पोलीस व्हेरिफिकेशन. एकाच शब्दाचं नाव असलेल्या पासपोर्टवर दुबईला टुरिस्ट म्हणून 2022 पासून घेत नाहीत हे कळलं तेव्हा आडनावाचा रकाना तिनं स्वतः चष्मा लावून दोनदा वाचला. तिकडं खसखशीला बंदी आहे म्हणून काळा मसाला खसखस न घालता वेगळा दळून आणला. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानाच्या सामानात चालत नाहीत म्हणून भरलेल्या परत बाहेर काढल्या. पॉवर बँक हातातल्या पर्समध्ये. बिबडे, कळण्याचं पीठ, नातवाची झबली असं सगळं भरून बॅग किराणा दुकानाच्या काट्यावर नेऊन मोजली, 22 किलो भरली. नंबर ठेवला 214, कारण नातवाचा वाढदिवस 21 एप्रिल. दुपारी लॉक लावलं, संध्याकाळी दोन महिन्यांच्या बीपीच्या गोळ्या ठेवायच्या राहिल्या म्हणून उघडायला गेली तर उघडेना.

आता परवाचा फोन. मुद्दाम पूर्ण सांगतोय कारण तुमच्याकडं रेकॉर्डिंग असतं, काढून ऐका. फोन स्पीकरवर होता, आई शेजारी बसून लसूण सोलत होती. मी मधल्या चाकाचं सगळं सांगितलं तर तुमचा माणूस म्हणतो, "सर, लॉक कोणी लावलं होतं?" म्हटलं आईनं. "मॅडमचं वय काय?" म्हटलं एकसष्ट. "हां, मग सर नंबर विसरला असेल, वयामुळं होतं असं." मी म्हटलं विसरलेली नाहीये, चाक सैल आहे. तर म्हणे, "पहिल्यांदा फॉरेनला जाणाऱ्या कस्टमरचे असे कॉल आम्हाला खूप येतात सर, त्यांना लॉकची सवय नसते." खूप कॉल येतात तर बिघाड लॉकमध्ये आहे हे तुमच्यात कोणाच्याच डोक्यात येत नाही का? वर सल्ला काय, बाजूच्या बारीक भोकात चावी घालून उघडा. चावी कुठंय विचारलं तर म्हणे बॉक्समध्येच असेल. अहो, ते भोक एअरपोर्टच्या सिक्युरिटीवाल्यांच्या मास्टर चावीसाठी असतं, गिऱ्हाइकाला ती चावी देतच नाहीत, हे तुमच्याच माहितीपत्रकात छापलंय! तुमच्या माणसाला तुमचा माल माहीत नाही आणि माझ्या आईला विसराळू म्हणतो.

आईनं लसूण बाजूला ठेवला आणि म्हणाली, "मी भुलनू नही रे भाऊ, 214च शे." मग उठून आत गेली. त्या रात्री जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ओट्यावर बसलो आणि 000 पासून 999 पर्यंत हजारच्या हजार नंबर लावून पाहिले. ती नंबर वाचायची, मी लावायचो, शंभर झाले की ती वहीत रेघ मारायची. दिवेलागणीला दहावी रेघ मारली. एकाही नंबरला लॉक उघडलं नाही. आता सांगा, कोण विसरलं?

हे सगळं सांगितल्यावर आजचं उत्तर काय, तर बॅग नाशिकच्या सर्व्हिस सेंटरला आणा, दहा दिवस लागतील, आणि बाहेर किल्लीवाल्याकडून उघडली तर वॉरंटी संपली. दहा दिवसांनी बॅग घेऊन मी काय करू, विमान शनिवारी आहे. आमच्या लग्नातल्या बॅगाही तुमच्याच होत्या, बाबा दुसऱ्या कंपनीचं नावच घ्यायचे नाहीत. त्याचं आता काहीच वाटत नाही का तुम्हाला?

उद्या सकाळी दहा वाजेपर्यंत वाट बघतो, मग किल्लीवाल्याला घरी बोलावून लॉक तोडतोय, त्याचा व्हिडिओ काढतोय. वॉरंटी नाकारायची हिंमत करू नका. गुरुवारपर्यंत दुसरी बॅग पाचोऱ्याला पोचवा नाहीतर पूर्ण पैसे परत करा. नाही केलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार आणि जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात केस, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी लागत नाही, मी विचारून आलोय.

आणि ज्यानं तिला विसराळू म्हटलं त्यानं फोन करून माफी मागायची. मला नको, आईला. तिचा नंबर बिलावर आहे. बिल, वॉरंटी कार्ड, मधल्या चाकाचा व्हिडिओ आणि त्या वहीच्या पानांचे फोटो सोबत जोडलेत.